तापात एलडीएल ९९, त्याआधी १६८: पांढऱ्या पेशींच्या पेप्टाइडांचा यात हात किती?

नमुना_नळी (चिकोडी)

नमस्कार मंडळी. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तिन्ही एकमेकींत अडकलेल्या आहेत म्हणून एकाच धाग्यात टाकतो.

एक. पावसाळ्यात डेंगी-चिकुनगुनिया सुरू झाला की लिपिड प्रोफाइलचे (रक्तातल्या चरबीच्या तपासणीचे) आकडे गडबडतात. नमुन्यादाखल एक जोडी देतो. पुरुष, वय ५४, शुगर नाही, कोलेस्टेरॉलची गोळी चालू नाही. मार्चमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २४६, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ४२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८०, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६८. ऑगस्टमध्ये तापाच्या पाचव्या दिवशी एकूण १८२, एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड २६०, एलडीएल ९९. मशीन तेच, कंट्रोल बरोबर, एलडीएल दोन्ही वेळा सूत्रानं काढलेला. घरचे म्हणतात पथ्यानं उतरलं, आता गोळी कशाला.

दोन. पांढऱ्या पेशींतलं डिफेन्सिन नावाचं पेप्टाइड (अमायनो आम्लांची छोटी साखळी) एलडीएलला चिकटतं आणि त्याला रक्तातून बाहेर काढतं, असं वाचनात आलं. मग तापात एलडीएल उतरतो तो याच्यामुळेच का? आणि एलडीएल उतरतो तर ते चांगलंच नाही का?

तीन. सध्या ‘इम्युनिटी पेप्टाइड’ म्हणून पावडर आणि इंजेक्शनं विकणारे एजंट निपाणीपासून खानापूरपर्यंत फिरताहेत. प्रतिकारशक्तीही वाढते आणि कोलेस्टेरॉलही उतरतं असं सांगतात. याला काही आधार?

---

जीवरसायन_गोकाक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो कळला की बाकीचे दोन सोपे होतात.

न्यूट्रोफिल ही आपली सगळ्यांत जास्त संख्येनं असणारी पांढरी पेशी. तिच्या दाण्यांत अल्फा-डिफेन्सिनं ठासून भरलेली असतात. न्यूट्रोफिलच्या एकूण प्रथिनांपैकी साधारण पाच टक्के एवढीच. एचएनपी-१, २ आणि ३ या तीन मुख्य. २९-३० अमायनो आम्लांची साखळी, सहा सिस्टीन आणि त्यांचे तीन गंधक-बंध, त्यामुळे रेणू घट्ट वळलेला. एचएनपी-१ आणि ३ मध्ये फरक फक्त पहिल्या अमायनो आम्लाचा, आणि दोनमध्ये ते पहिलंच नाही. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गॅन्झ, सेल्स्टेड, लेरर यांच्या गटानं त्यांना डिफेन्सिन हे नाव दिलं. दुसरं महत्त्वाचं पेप्टाइड एलएल-३७, कॅथेलिसिडिन कुळातलं, ३७ अमायनो आम्लांचं.

या सगळ्यांवर धन विद्युतभार असतो. जिवाणूच्या पडद्यावर ऋण भार, म्हणून ही तिथं जाऊन चिकटतात आणि पडदा फाडतात. आपल्या पेशी का फाटत नाहीत? एक तर आपल्या पडद्याची बाहेरची बाजू जवळजवळ भारहीन असते. दुसरं म्हणजे त्यात कोलेस्टेरॉल असतं, जे पडदा घट्ट धरून ठेवतं आणि पेप्टाइडाला आत शिरू देत नाही. बहुतेक जिवाणूंच्या पडद्यात कोलेस्टेरॉल नसतं. म्हणजे या दोघांचं नातं रक्ताच्या रिपोर्टाच्याही आधीपासूनचं आहे, आणि तिथं कोलेस्टेरॉल आपल्या बाजूनं उभं असतं. हे मुद्दाम सांगितलं, कारण कोलेस्टेरॉल म्हटलं की लोक थेट विषच समजतात.

आता एलडीएल. त्याच्या कणावरही पेप्टाइडं बसतात. डिफेन्सिन एका बाजूनं एलडीएलला धरतं आणि दुसऱ्या बाजूनं रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या हेपरान सल्फेटच्या ऋणभारित साखळ्यांना. एलडीएलचा कण आणि भिंत यांच्यामध्ये ते दुहेरी टेप लावल्यासारखं बसतं. हे १९९७ ते २००० च्या दरम्यान पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं, एलपी(ए) (एलडीएलसारखाच एक कण) आणि एलडीएल दोन्हींसाठी. एलएल-३७ चं मूळ प्रथिनही रक्तात लिपोप्रोटीनांना (चरबी वाहून नेणाऱ्या कणांना) बांधलेलंच फिरतं.

खरी गंमत पुढे आहे. उंदरांच्या न्यूट्रोफिलमध्ये अल्फा-डिफेन्सिनं नसतातच. म्हणून माणसाचं जनुक घालून उंदीर तयार करावे लागतात. २०१६ मध्ये अशा उंदरांवरचं काम आलं. साधा आहार, रक्तातला कोलेस्टेरॉल वाढलेला नाही, तरी डिफेन्सिन असलेल्या उंदरांच्या महाधमनीत चरबीचा थर जास्त. रक्तातून एलडीएल लवकर निघून जात होता, पण त्यातला काही भिंतीत जाऊन बसत होता. कॉल्चिसिननं (गाऊटवरचं जुनं औषध) न्यूट्रोफिलमधून डिफेन्सिन बाहेर पडणं कमी केलं, तेव्हा तो थरही कमी झाला. २०१७ मध्ये दुसऱ्या गटाचं काम आलं. मेदयुक्त आहारावरचे, मुळातच कोलेस्टेरॉल जास्त असलेले उंदीर. त्यांना एचएनपी-१ दिल्यावर यकृतानं जास्त एलडीएल उचलला, रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं आणि धमनीतला थरही कमी झाला.

दोन्हींत रक्तातला एलडीएल खाली. एकात धमनी बिघडली, दुसऱ्यात सुधारली. तेव्हा ‘डिफेन्सिन कोलेस्टेरॉल उतरवतं’ हे अर्धं वाक्य आहे. उतरून ते कुठं गेलं, यकृतात की भिंतीत, हे रिपोर्टावर दिसत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नातल्या ‘चांगलंच नाही का’ ला म्हणून माझं उत्तर: नाही, तेवढ्यावरून नाही म्हणता येत.

उलटी वाटही आहे. एलडीएल भिंतीत साठला की कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात. मॅक्रोफेज पेशी ते गिळतात आणि त्यांच्यातली एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा चालू होते. त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा, मग इंटरल्युकिन-६ (ही दाहाचे निरोप नेणारी प्रथिनं), मग यकृतातून सीआरपी, म्हणजे रक्तात मोजता येणारी दाहाची खूण. स्फटिकांनी ही यंत्रणा चालू होते हे २०१० मध्ये दिसलं. म्हणजे कोलेस्टेरॉल दाह पेटवतं आणि दाह कोलेस्टेरॉलला भिंतीत ढकलतो. कोण आधी, या वादात अर्थ नाही. पण विझवायला सोपं टोक एलडीएलचंच आहे.

---

नमुना_नळी (चिकोडी)

आभारी आहे. मग रक्तातलं डिफेन्सिन मोजून बघता येईल का? एलायझा (प्रथिन मोजायच्या चाचणीचे) किट मिळतात म्हणे.

---

सिरम_प्लाझ्मा (बेळगाव)

किट मिळतात, पण ती संशोधनासाठी. रुग्णाच्या रिपोर्टावर तो आकडा घालू नका. कोणता आकडा नॉर्मल हेच ठरलेलं नाही, आणि आकड्यावरून उपचार बदलावा असा एकही नियम नाही.

वर आणखी भानगड नमुन्याची. साध्या लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठताना न्यूट्रोफिल स्वतःच डिफेन्सिन सोडतात. सिरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवात) जे मोजाल ते रुग्णाच्या अंगातलं कमी आणि नळीत तयार झालेलं जास्त. संशोधनातही ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी, लगेच थंड करून लगेच सेंट्रिफ्यूज, वरचा प्लाझ्मा तळाच्या पेशींना न हलवता उचलायचा, आणि फ्रीझरमध्ये. गावातल्या कलेक्शन सेंटरवरून दुपारच्या बसनं येणाऱ्या नमुन्यात हे शक्य नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण लॅबच्या अंगानं तो जास्त मोलाचा आहे. फ्रीडवाल्ड सूत्र: एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. मार्चमध्ये २४६ − ४२ − ३६ = १६८. ऑगस्टमध्ये १८२ − ३१ − ५२ = ९९. गणित बरोबर. आता नॉन-एचडीएल बघा, म्हणजे एकूण वजा एचडीएल: मार्चमध्ये २०४, ऑगस्टमध्ये १५१. एलडीएल ६९ नं उतरला पण नॉन-एचडीएल ५३ नंच. मधले १६ हे ट्रायग्लिसराइड १८० वरून २६० झाल्यामुळे सूत्रानं व्हीएलडीएलच्या (ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांच्या) खात्यात टाकलेत. ते खरंच तिकडं गेलेत का, हे सूत्राला कळत नाही. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एलडीएल कमी असेल तेव्हा हे सूत्र एलडीएल आणखी कमी दाखवतं, आणि ४०० च्या वर तर वापरायचंच नाही. म्हणून तापातल्या किंवा मधुमेहाच्या रिपोर्टावर नॉन-एचडीएल ठळक छापत जा. त्याला उपाशीपोटी असण्याचीही गरज नाही.

उरलेले ५३ मात्र खरेच उतरलेत. तीव्र आजारात यकृत आपलं काम बदलतं: एचडीएल आणि एलडीएल खाली, ट्रायग्लिसराइड वर. पाठ्यपुस्तकात असतो तसा हा नमुना आहे. पथ्यानं एचडीएल ४२ वरून ३१ वर येत नाही आणि त्याच वेळी ट्रायग्लिसराइड चढत नाही. घरच्यांना एवढी एक ओळ पुरे.

नमुना घेतानाची दोन पथ्यंही सांगतो, कारण आकडे इथंही हलतात. टूर्निकेट एक मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवलं तर रक्तातलं पाणी बाहेर जातं आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसतं. आणि वॉर्डातल्या कॉटवर झोपलेल्या माणसाचं कोलेस्टेरॉल उभ्या-चालत्या माणसापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी येऊ शकतं. मार्चमध्ये चालत येऊन दिलेला नमुना आणि ऑगस्टमध्ये सलाईन चालू असताना काढलेला, ही तुलनाच लंगडी. सलाईनच्या हातातून काढला असेल तर बोलायलाच नको.

---

हृदय_आणि_हिशोब (बेळगाव)

वरचं सगळं मान्य. उपचाराच्या बाजूनं भर घालतो.

साधा ताप उतरल्यावर किमान तीन-चार आठवडे, आणि मोठं आजारपण, ऑपरेशन किंवा न्यूमोनिया असेल तर सहा ते आठ आठवडे थांबून लिपिड प्रोफाइल करा. अपवाद एकच, हार्ट अटॅक. तिथं पहिल्या २४ तासांतला नमुना बऱ्यापैकी खरा असतो, त्यानंतर आकडा घसरतो. आणि तिथं स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी) सुरू करायला रिपोर्टाची वाट बघायचीच नाही.

दाह आणि एलडीएल उलट्या दिशेनं हलतात याचा ठळक पुरावा आमवाताच्या (सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटॉइड) रुग्णांत दिसतो. आमवात भडकलेला असताना एलडीएल कमी, हृदयाचा धोका जास्त. टोसिलिझुमॅबसारखं इंटरल्युकिन-६ अडवणारं औषध दिलं की दाह विझतो आणि एलडीएल चढतो. औषधानं कोलेस्टेरॉल बिघडवलं असं वाटतं, पण बऱ्याच अंशी दडलेला आकडा उघडा पडलेला असतो. तो तसाच सोडायचा असं नाही, त्यावर स्टॅटिन द्यायचं.

दाह कमी करून हृदय वाचतं का, याचंही उत्तर माणसांवरच्या चाचण्यांतून आलेलं आहे. २०१७ ची कॅन्टोस चाचणी: आधी अटॅक येऊन गेलेले आणि एचएस-सीआरपी (सीआरपीची जास्त बारीक मोजणी) २ किंवा जास्त असलेले १०,०६१ रुग्ण. कॅनाकिनुमॅब (इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारं इंजेक्शन) १५० मिलिग्रॅम दर तीन महिन्यांनी. एलडीएल जागचा हलला नाही, तरी हृदयविकाराच्या घटना १५ टक्क्यांनी कमी. पण जीवघेणे संसर्ग थोडे वाढले, आणि किंमत आवाक्याबाहेर. प्रतिकारशक्तीत हात घातला की काय मोजावं लागतं ते इथं दिसलं. एजंट लोक हे कधी सांगत नाहीत.

मग जुनं, स्वस्त कॉल्चिसिन आलं. २०२० च्या चाचणीत स्थिर हृदयविकाराचे ५,५२२ रुग्ण, रोज ०.५ मिलिग्रॅम, घटना ३१ टक्क्यांनी कमी. लगेच उड्या मारू नका. २०२४ मध्ये अटॅकनंतर लगेच कॉल्चिसिन दिलेल्या ७,०६२ रुग्णांची चाचणी आली आणि फायदा दिसला नाही. म्हणून आज ते काही निवडक, स्थिर रुग्णांना, स्टॅटिन पूर्ण मात्रेत चालू असताना, वरून जोड म्हणून. नुसतं कोलेस्टेरॉल जास्त आहे म्हणून कॉल्चिसिन, असं कुठंही नाही. त्यानं एलडीएल उतरत नाही.

तुमच्या ५४ वर्षांच्या माणसाचा खरा आकडा १६८ धरा. आधी टीएसएच करा, थायरॉइड मंद असेल तर एलडीएल चढतो आणि त्याच माणसाला स्टॅटिननं स्नायूदुखीही लवकर होते. लघवीत प्रथिन बघा. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेतो का विचारा. त्यात स्टिरॉइड असलं तर ट्रायग्लिसराइड आणि साखर वर, आणि सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) न्यूट्रोफिल वाढलेले दिसतात, म्हणजे संसर्ग नसताना संसर्गाचा भास. चिकुनगुनियानंतर तर या पुड्यांचा सुळसुळाट असतो. एलडीएल १९० च्या वर, घरात पन्नाशीच्या आत अटॅक, टाचेच्या शिरेवर गाठी, यातलं काही असेल तर आनुवंशिक प्रकार समजून मुलांचीही तपासणी. एलपी(ए) आयुष्यात एकदा करून ठेवा, ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर धोका जास्त.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार एलडीएल सर्वसाधारण माणसाला १०० च्या आत, जास्त धोक्याच्याला ७० च्या आत, आणि अटॅक येऊन गेलेल्यासारख्या अति धोक्याच्याला ५५ च्या आत. नॉन-एचडीएलचं लक्ष्य प्रत्येक पायरीवर त्याच्या ३० वर. औषध सुरू केलं की चार ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासणी. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केल्यानं एलडीएल फार तर आणखी सहा टक्के उतरतो. त्यापेक्षा एझेटिमाइब हे दुसरं औषध १० मिलिग्रॅम जोडलं तर वीसेक टक्के.

---

अथणी_दंतवैद्य

दोनच ओळी, कारण हे कुणी बोलत नाही. न्यूट्रोफिल सगळ्यांत जास्त काळ, रोजच्या रोज, डिफेन्सिन आणि एलएल-३७ ओतत असतात ते हिरड्यांच्या खोबणीत. हिरड्या सुजलेल्या, रक्त येतंय, दात हलतोय, म्हणजे दाह अंगात बारमाही. निपाणी पट्ट्यात तंबाखू, बिडी, मिश्री हे घराघरात. बिडी ओढणाऱ्याचे न्यूट्रोफिल आणि सीआरपी तसेच चढे असतात, आणि तंबाखूमुळे हिरडीतलं रक्त कमी दिसतं, त्यामुळे आजार झाकला जातो. मिश्री बंद, वर्षातून दोनदा हिरड्यांची सफाई. सीआरपी त्यानं थोडा उतरतो. एलडीएल उतरत नाही, त्याची आशा धरू नका.

---

औषधवाला_खानापूर

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो बघा.

पावडरचं आधी. पेप्टाइड म्हणजे अमायनो आम्लांची साखळीच की. तोंडातून घेतलं तर पोटातलं आम्ल, पेप्सिन, पुढं ट्रिप्सिन, सगळे मिळून तिचे तुकडे करतात. डब्यावर ‘इम्यून पेप्टाइड’ छापलेलं असतंय, आत बहुतेक वेळा चिकाच्या दुधाची पावडर नाहीतर तोडलेलं दूध-प्रथिन. प्रथिन म्हणून खा, कोण नको म्हणतंय. पण म्हशीचा खरवस खाऊन एलडीएल उतरला असता तर आपल्याकडं कुणाला गोळीच लागली नसती.

इंजेक्शनचं बघा. बहुतेक करून थायमोसिन अल्फा-१ चं नाव घेतात. २८ अमायनो आम्लांचं, काही देशांत हिपॅटायटिस बी साठी मान्यता आहे. कोलेस्टेरॉलसाठी कुठंच नाही. बाकी बीपीसी-१५७ वगैरे नावांची कुपी ‘संशोधनासाठी’ असं बारीक अक्षरात छापून येती, म्हणजे माणसाला टोचायला नाहीच ती. एजंटला चार गोष्टी विचारायच्या: उत्पादन परवाना क्रमांक कुठाय, बॅच आणि मुदत कुठाय, २ ते ८ डिग्रीत इथवर कसं आणलंस, आणि बिल जीएसटीचं देणार का. चारातलं एक जरी अडलं तर कुपी परत द्यायची. विरघळवून ठेवलेली कुपी उन्हात मोटरसायकलच्या डिकीत फिरवली तर आत काय राहतंय ते देवालाच ठाऊक.

लोकांचा घोटाळा का होतो तेही सांगतो. कोलेस्टेरॉलवर इंजेक्शनं खरीच आहेत. इव्होलोक्युमॅब १४० मिलिग्रॅम दोन आठवड्यांनी, ते प्रतिपिंड. इन्क्लिसिरान २८४ मिलिग्रॅम, आज, तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी, ते आरएनए. पीसीएसके-९ हे एलडीएल रिसेप्टर मोडणारं प्रथिन; पहिलं त्याला धरतं, दुसरं ते तयारच होऊ देत नाही, त्यामुळं यकृतावरचे एलडीएल रिसेप्टर टिकतात आणि एलडीएल निम्म्याच्या आसपास उतरतो. आणि पोटात टिकणारं गोल बांधणीचं एक पेप्टाइड, एनलिसिटाइड, हेही पीसीएसके-९ वरच काम करतंय. यातलं एकही प्रतिकारशक्ती वाढवत नाही. एजंट या खऱ्या औषधांची कात्रणं दाखवून आपली कुपी खपवतो.

आता सीमेवरचा खास घोळ. आपल्याकडं पेशंट एक औषध गावातल्या डॉक्टरचं घेतो, दुसरं मिरजेला नाहीतर कोल्हापूरला दाखवून आणतो. दोन चिठ्ठ्या, दोन कंपन्यांची नावं, आत औषध एकच. सकाळी एका नावाचं रोझुव्हास्टॅटिन १०, रात्री दुसऱ्या नावाचं २०, वर तिसरीकडचं ॲटोर्व्हास्टॅटिन. मग मांड्या दुखतात आणि पेशंट सगळंच सोडून देतो. पट्टीवर कंपनीचं मोठं नाव वाचायचं नाही, त्याखालचं बारीक नाव वाचायचं. शेवट ‘स्टॅटिन’ असा असलेल्या दोन पट्ट्या पिशवीत निघाल्या तर डॉक्टरला फोन.

कॉल्चिसिनवाल्यांनी आणखी जपायला पाहिजे. खोकला-तापाला क्लॅरिथ्रोमायसिन, नायट्याला इट्राकोनॅझोल, यातलं काही वरून सुरू झालं तर कॉल्चिसिन रक्तात साठतंय. पहिली खूण जुलाब. मग पाय लटके पडणं. स्टॅटिनबरोबर असेल तर स्नायू वितळण्याची भीती. किडनीचा जीएफआर (गाळण्याचा वेग) ३० च्या खाली असेल तर हृदयासाठी ते द्यायचंच नाही. गाऊटसाठी उरलेल्या गोळ्या आज्जाला ‘हृदयाला चालती म्हणे’ म्हणून द्यायच्या नाहीत, एवढं घराघरात सांगा की.

---

नमुना_नळी (चिकोडी)

औषधवाला अण्णा, पिशवीचा मुद्दा पटला. दोन शंका राहिल्या. स्टॅटिन आधीच चालू असलेल्याला चिकुनगुनिया झाला तर गोळी बंद करायची का? आणि एचएस-सीआरपी मागणारे वाढलेत, त्याचं काय?

---

हृदय_आणि_हिशोब (बेळगाव)

गोळी आपणहून बंद करायची नाही. दुखणं कुठं आहे ते आधी बघायचं. चिकुनगुनिया मनगट, बोटं, घोटा धरतो, सूज असते, सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. स्टॅटिनचं दुखणं मांड्या, खांदे, दंड अशा मोठ्या स्नायूंत, दोन्ही बाजूंना सारखं, सांध्याला सूज नाही. शंका असेल तर सीके (स्नायूंचं एन्झाइम) करा. तो वरच्या मर्यादेच्या दहापटीच्या पुढे असेल, लघवी चहासारखी येत असेल तर गोळी लगेच बंद आणि दवाखाना. डेंगीत एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) बरंच चढतं. तीनपटीच्या पुढे गेलं तर डॉक्टर काही दिवस थांबवतात आणि उतरल्यावर पुन्हा सुरू करतात. घोळ होतो तो हा, की थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायला कुणाला आठवत नाही. थांबवताना पुन्हा कधी ते चिठ्ठीवर तारखेनं लिहून घ्या. अटॅक किंवा स्टेंट झालेल्यानं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही नाही.

एचएस-सीआरपी फक्त तेव्हा, जेव्हा गोळी द्यावी की नाही असा काठावरचा प्रश्न असतो. ताप, फोड, दातदुखी, सांधेदुखी नसताना, दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करून सरासरी. १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर आला तर तो हृदयाचा आकडा समजू नका, संसर्ग शोधा आणि बरं वाटल्यावर पुन्हा करा. चिकुनगुनियाचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले असतात, अशांत या चाचणीवर पैसे घालवू नयेत. आणि साधा सीआरपी वेगळा, एचएस वेगळा. मागणी कशाची आहे ते चिठ्ठीवर नीट वाचून नळी लावा.

---

सिरम_प्लाझ्मा (बेळगाव)

रिपोर्टाखाली छापायला एक टीप देतो, हवी तर उचला: ‘नमुना तापाच्या / आजाराच्या काळात घेतलेला आहे. या काळात एचडीएल व एलडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त येऊ शकतात. पूर्ण बरे झाल्यावर ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. या रिपोर्टावरून औषध बंद करू नये.’ मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडं छापा. चिकोडी-अथणीत घरात वाचणारा कोण आणि डॉक्टर कोण याची भाषा एक असेलच असं नाही.

त्यासाठी नोंदणीच्या वेळी खिडकीवर तीन प्रश्न विचारून फॉर्मवर खूण करायला लावा: गेल्या महिन्यात ताप आला होता का, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का, सांधेदुखीचं काही घेता का. आदल्या संध्याकाळी लग्नात कुंदा आणि जेवण झालं का हेही विचारा, ट्रायग्लिसराइडसाठी. ४०० च्या वर आलं तर बारा तास उपाशी ठेवून पुन्हा, आणि मशीनवर डायरेक्ट एलडीएलचं रिएजंट असेल तर ते लावा. पण आधीचा रिपोर्ट सूत्राचा आणि नंतरचा डायरेक्ट, कोल्हापूरच्या लॅबचा एक आणि तुमचा एक, अशी तुलना करायला कुणी आलं तर पद्धत रिपोर्टावर लिहिलेली असू द्या. तुमच्या त्या ५४ वर्षांच्या माणसाला सप्टेंबरच्या शेवटी नाही, ऑक्टोबरच्या मध्यावर बोलवा.